अम्माच्या पायथ्याशी

“आणि ती काढलेली जाळी? ती कुठं आहे?”

वकीलबाईंनी हे इतक्या सहज विचारलं, की प्रश्न आपल्याला नसावाच असं मकसूदचाचांना वाटलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. मेहबूबबी पदराचं टोक बोटाला गुंडाळत फरशीकडे बघत होती. मुलगा नईम दाराशी उभा होता. बारामती एमआयडीसीतल्या डेअरीतली पाळी संपवून तो तसाच आला होता, हेल्मेट अजून हातात होतं.

“पुरली,” मेहबूबबी म्हणाली.

“पुरली म्हणजे?”

“म्हंजे मातीत दिली. आमच्यात अंगाचा तुकडा उकिरड्यावर टाकत न्हाईत, ताई. बोट तुटलं, पाय तुटला, तरी माती देत्यात. त्या जाळीला ह्येंचं मास चिकटल्यालं व्हतं. बरणीत घालून दिली व्हती पुण्याच्या दवाखान्यात. मी मागूनच घेतली.”

वकीलबाई करुणा अहिवळेंनी पेन खाली ठेवलं. कोर्टासमोरच्या त्या लहानशा गाळ्यात पंखा घरघरत होता. डेअरीतल्या एका कामगाराची केस त्यांनी जिंकून दिली होती, म्हणून नईमने आई-वडिलांना इथे ओढून आणलं होतं.

“बरं. त्यात चूक काही नाही,” त्या म्हणाल्या. “पुरली असेल तर काढता येईल. दोन पंच घेऊ, मोबाइलवर सगळं चित्रण करू. इंदापूरच्या कबरस्तानात आहे ना?”

“न्हाय. जुन्या पळसदेवात. माज्या सासूच्या पायथ्याशी.”

वकीलबाई त्याच बाजूच्या. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. जुनं पळसदेव उजनी धरणाच्या पोटात आहे. गाव उठून वर माळावर गेलं त्याला पन्नास वर्षं होत आली. देऊळ, पार, घरांची जोती आणि गावाबाहेरचं कबरस्तान, सगळं पाण्याखाली गेलं. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार उतरलं, की आधी देवळाचं शिखर दिसतं, मग हळूहळू बाकीचं. अशा वर्षी जुन्या गावची माणसं जातात. कुणी देवाला नारळ फोडतं, कुणी मोडक्या जोत्यावर बसून येतं. मकसूदचाचांचं, म्हणजे नदाफांचं घर कबरीवरचा गाळ बाजूला सारतं, दगड पुन्हा मांडतं, फातिहा पढून परत येतं.

“ज्या साली जाळी काढली, त्या साली पाणी पार तळाला गेलं व्हतं,” मेहबूबबी म्हणाली.

“आणि आता?”

“आता दोन पुरुष पाणी असंल तितं,” नईम म्हणाला. तो आईकडे बघत नव्हता.

वकीलबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

“काका, मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. पहिल्या दवाखान्याच्या कागदात इतकंच आहे, की हर्नियाला जाळी बसवली. कुठल्या कंपनीची, कुठल्या पाकिटातली, काही नाही. वर लिहून ठेवलंय, पेशंटने जड उचललं, शुगर सांभाळली नाही. पुण्याचे डॉक्टर तुमच्याशी जे तोंडी बोलले, ते लिहून देणार नाहीत. मग बोलणारं उरलं कोण? ती जाळीच. ती तपासायला पाठवता आली, तर आपल्या बोलण्याला आधार. नाहीतर ते म्हणतील, म्हाताऱ्याच्या पोटात पू झाला, त्याला आम्ही काय करू!”

“उशीर तर न्हाय ना झाला?” नईमने विचारलं.

“पुण्याच्या ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची. जाळी काढली गेल्या वर्षी मे महिन्यात. म्हणजे येत्या मेअखेरच्या आत तक्रार गेली पाहिजे. आणि नुसती आणून माझ्या टेबलावर ठेवू नका. उद्या समोरचा वकील म्हणेल, उजनीच्या काठावर कोळ्यांच्या जाळ्यांचे तुकडे पडलेले असतात, त्यातलाच एक उचलून आणला. पहिल्या कुदळीपासून चित्रण पाहिजे, मध्ये बंद न करता.”

मकसूदचाचांनी पोटावरचा पट्टा शर्टावरूनच सारखा केला आणि म्हणाले, “पाणी उतरंल तवा काढू, ताई.”

जणू पाणी त्यांच्या सांगण्यात होतं.

*

इंदापूरच्या जुन्या पेठेत ‘नदाफ गादी कारखाना’ अशी पाटी आहे. कारखाना म्हणजे एक खोली, कापूस पिंजायचं एक यंत्र आणि पुढे ओटा. या ओट्यावर बसून मकसूदचाचांनी उभं आयुष्य लोकांच्या झोपेची सोय केली. लग्नाच्या गाद्या शिवल्या, बाळंतिणींच्या शिवल्या, पोरांच्या वसतिगृहाच्या शिवल्या. चारचौघांत सांगावं असं त्यांच्या आयुष्यात दुसरं काही घडलं नाही. बोलायला ते आधीपासून लाजरे. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की दाभणात दोरा ओवायच्या निमित्ताने मान खाली घालायचे.

धंद्याचे दोन नियम त्यांना वारशाने मिळाले होते. पहिला अम्माचा. नवी गादी भरून झाली, की अम्मा पाय धुऊन, पुसून, तिच्यावरून अनवाणी चालायची. कापसाची गाठ राहिली असेल तर ती हाताच्या आधी पायाच्या बोटांना कळते, असं तिचं म्हणणं. चालता चालता थांबायची, अंगठ्याने जागा दाखवायची आणि म्हणायची, “हितं उसव. झोपणाऱ्याला टोचंल.” धरणाचं पाणी यायच्या आदल्या साली ती गेली. मकसूद तेव्हा अर्ध्या चड्डीत होता. जुन्या कबरस्तानात दफन झालेली ती शेवटचीच. मग कबरस्तानच गेलं.

दुसरा नियम वडिलांचा. जुनी गादी पिंजायला आली, की तिच्यातला कापूस तिच्याच मालकाला परत गेला पाहिजे. कमी पडला तर नवा घाला, पण एकाचा जुना कापूस दुसऱ्याच्या गादीत जायचा नाही. त्या गादीवर कोण आजारी होतं, कोण मेलं, कुणाला ठाऊक! हे वडिलांनी एकदाच सांगितलं होतं, आणि तेही थोबाडीत देऊन. पुन्हा सांगायची वेळ आली नाही.

तर या माणसाला साठीच्या आसपास हर्निया झाला. बारामतीच्या त्या दवाखान्यात जायचं, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. तिथल्या खाटांवरच्या गाद्या त्यांनीच शिवलेल्या होत्या आणि डॉक्टर त्यांना नावाने ओळखत. डॉक्टर देवमाणूस, असं ते सगळ्यांना सांगत. आपल्याकडे देवमाणूस व्हायला फार करावं लागत नाही. गरिबाचं नाव लक्षात ठेवलं की पुरतं. ऑपरेशन झालं, आतून जाळी शिवली, आणि मकसूदचाचा आपणच शिवलेल्या गादीवर पडून घरी जायची वाट बघत राहिले.

दोन महिन्यांनी टाक्याच्या जागेतून पाणी येऊ लागलं. मग पू. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, मग इंजेक्शनं बदलली, मग आवाज बदलला. “शुगर बघा आधी तुमची,” असं म्हणू लागले. “गाद्या उचलल्या असतील,” असं म्हणू लागले. मकसूदचाचांनी एक उशीसुद्धा उचलली नव्हती, पण डॉक्टर म्हणतात म्हणजे झोपेत वगैरे उचलली असेल, असं त्यांना खरोखर वाटायचं. वर्षभर शर्टाच्या आत फडकं बांधून ते ओट्यावर बसत होते. वास येतो म्हणून गिऱ्हाइकापासून लांब सरकून बसत. मशिदीत शेवटच्या रांगेत, कडेला उभे राहत. शेवटी तापाने फणफणले, तेव्हा नईमने त्यांना पुण्याला नेलं. तिथे पोट पुन्हा उघडलं आणि जाळी काढली.

दुसऱ्या दिवशी तिथले तरुण डॉक्टर खाटेजवळ आले होते. “काका, तो अख्खा तुकडा नव्हता,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “कुणाला तरी वापरून उरलेला असावा. काही ठिकाणी उरलेला तुकडा उकळून ठेवतात आणि पुढच्याला लावतात. मला तसं वाटलं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

मनाला लावून घेऊ नका! नईम हे लिहून मागायला गेला, तेव्हा डॉक्टर मोबाइलमध्ये बघत म्हणाले, “मी असं काही बोलल्याचं मला आठवत नाही.”

पोट परत शिवलं, पण ते धरेना. जाळी गेली तशी आतली भिंतही गेली. आता पट्टा बांधल्याशिवाय चालता येत नव्हतं आणि उकिडवं बसता येत नव्हतं. गादी उकिडवं बसूनच शिवावी लागते. पिंजणाचं यंत्र त्यांनी गोणपाटाखाली झाकलं. या सगळ्याचं त्यांना दुःख होतं, पण राग नव्हता. राग एका शब्दाचा होता. उरलेला. दुसऱ्याच्या गादीतला कापूस.

*

बारामतीहून परत आले त्या संध्याकाळी मकसूदचाचा बायकोवर ओरडले. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती आणि ओरडायची सवय नसल्यामुळे त्यांचा आवाज मध्येच चिरकला.

“कुणी सांगितलं व्हतं तुला पळसदेवाला जायाला? हितलं कबरस्तान काय लांब व्हतं?”

मेहबूबबी भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “तुमी.”

“मी?”

“तापात व्हता. पुण्याला आत नेत्याल म्हणून कपडं बदलीत व्हते, तवा माजा हात धरला आन् म्हणला, मला अम्माकडं न्या. मी म्हणलं, या अल्ला, माणूस माजा ऱ्हाऊ दे, ह्येंचा एवढा तुकडा मी अम्माला दीन. तुमी ऱ्हायलासा. मग दिल्याला शब्द गिळू व्हय मी?”

मकसूदचाचांना त्यातलं काही आठवत नव्हतं. पण आपण तसं म्हटलं असणार, हे त्यांना ऐकताक्षणी पटलं. रागवायला जागाच उरली नाही. आणि जागा उरली नाही की राग माणसाच्या आतच फिरत राहतो.

“मला एकदा इचारायचं तरी,” ते म्हणाले.

“शुद्धीत व्हता व्हय तुमी?” तिने भाकरी तव्यावर टाकली. “आन् मला काय ठावं, कोर्टाला बी त्येच पायजे म्हणून? मी आपली घाण समजून न्हाय, तुमचं अंग समजून पुरली.”

*

वकीलबाईंनी दवाखान्याकडे ऑपरेशनची सगळी कागदपत्रं मागितली. कागदपत्रं आली नाहीत, रामहरी आला. रामहरी म्हणजे त्या दवाखान्यातला जुना कंपाउंडर. त्याच्या मुलीच्या लग्नातल्या गाद्या मकसूदचाचांनीच शिवल्या होत्या. मोटारसायकल ओट्याला लावून तो घरच्यासारखा आत येऊन बसला.

“काय चाचा! आपल्याच माणसावर कोर्टकचेरी?”

“कोर्टात अजून गेलो न्हाय.”

“नगाच जाऊ. आवो, तारखा म्हंजे काय आसतंय, तुमाला म्हाईत न्हाय. पट्टा बांधून पुण्याला किती खेपा घालचाल? डाक्टर म्हणले, नदाफचाचा भोळा माणूस, कुणीतरी भरीला घातला असंल.” त्याने इकडे तिकडे बघितलं. “नवी इमारत उभी ऱ्हायलीया. वरचा मजला सगळा खाटांचा. डाक्टर म्हणले, गाद्या चाचांच्याच. दुसऱ्या कुणाला द्यायच्या न्हाईत.”

“मला बसता येत न्हाय, रामहरी. शिवणार कोण?”

“माणसं ठेवा की! पाटी तुमची, हात दुसऱ्याचं. आजकाल समदं असंच चालतंय.”

“व्हय,” मकसूदचाचा म्हणाले. “त्येच झालंय माज्या पोटात.”

रामहरी हसला, मग आपण कशावर हसलो हे कळून थांबला. मेहबूबबीने चहा आणून ठेवला. तो त्याने बशीत ओतून भराभर प्यायला.

“एक सांगतो, चाचा, आपलेपणानं. मला समदं कळलंय. तुमची ती वस्तू उजनीच्या तळाला हाय. आन् औंदा धरण काठोकाठ भरलंय. कशाला पाण्यात बघत बसता?”

तो गेल्यावर मकसूदचाचांनी त्याची बशी स्वतः विसळून ठेवली. गाद्यांना हो म्हणावं असं त्यांना क्षणभर वाटलं होतं. ओट्यावर पुन्हा कापूस उडेल, यंत्राचा आवाज होईल, लोक म्हणतील, नदाफचा कारखाना चालू झाला. त्या क्षणाची त्यांना पुढे बरेच दिवस लाज वाटत राहिली.

*

त्यानंतर मकसूदचाचांना जे करावं लागलं, ते तालुक्यात दुसऱ्या कुणी केलं नसेल. ते पाणी कमी व्हायची वाट बघू लागले.

रोज सकाळी नईम कामावर जाताना मोबाइलमध्ये बघून धरणाचा आकडा सांगे. लोक असा आकडा ऐकून हळहळत. उसाचं काय होणार, कॅनॉलला पाळी मिळणार का, टँकर कधी लागणार, याच गोष्टी पेठेत चालत. आकडा खाली गेला की मकसूदचाचांना आत कुठेतरी बरं वाटे. मग चहाच्या टपरीवर कुणाचा तरी सुकलेला चेहरा दिसे आणि ते बरं वाटणं तोंडात कडू होई. याच माणसांच्या गाद्या शिवून घर चाललं होतं. रमजानच्या महिन्यात दुआला हात उचलायचे, आणि मागायचं काय हेच सुचायचं नाही. पाणी कमी कर, असं कसं मागणार? ज्याने मागितलं त्यालाही ते प्यावं लागतंच ना!

पळसदेवचा सोपान हा जुना ओळखीचा. त्याची होडी बॅकवॉटरमध्ये असे. त्याला मकसूदचाचांनी सांगून ठेवलं होतं, जागा उघडी पडली की फोन कर. अधूनमधून तो आपण होऊन फोन करायचा.

“मकसूदभाई, समदं तालुकं पाणी द्या म्हणतंय, तुमी एकलंच न्या म्हणताय. वरच्याला बी कोड्यात टाकलं की वो तुमी!”

“हसतुयास व्हय सोपान?”

“हसू नको तर काय करू? माझं बी पोट पाण्यावरच हाय. पर तुमचं काम व्हऊ दे. एक उन्हाळा आमी सुकी मासळी खाऊ.”

एप्रिल गेला. देवळाचं शिखर उघडं पडलं. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. बारामतीहून, पुण्याहून लोक गाड्या घेऊन शिखराशेजारी उभे राहून फोटो काढायला येऊ लागले. कबरस्तान मात्र त्याच्याही खाली होतं. मे निम्मा सरला. वकीलबाईंचा फोन येई, “काका, काय म्हणतंय पाणी?” आणि मकसूदचाचा म्हणत, “उतरतंय, ताई.” मुदत संपायला आठवडा राहिला, तेव्हा सोपानचा फोन आला.

“जागा वर आली बगा. चिखूल हाय, पर खणता येतंय. आजच या. तिकडं पुण्याच्या अंगाला आभाळ भरून आलंय.”

*

सगळीकडे गाळ. वरून वाळलेला, भेगा पडलेला, खाली अजून मऊ. शिंपल्यांचा, सडक्या शेवाळाचा वास. लांब पाण्याच्या कडेला पांढरे पक्षी उभे. कबर म्हणून ओळखावं असं तिथे काही नव्हतं.

“चार दगड मांडलं व्हतं मी,” मेहबूबबी म्हणाली. “एक काळा, मोठा.”

“वैनी, पाणी उतरलं की दगड नेत्यात लोकं,” सोपान म्हणाला. “कुणी चुलीला, कुणी होडी बांधाया.”

मेहबूबबी मागे पुढे चालली, थांबली, देवळाकडे बघितलं, पुन्हा दोन पावलं सरकली. त्या वेळी तिने शिखर आणि जुन्या बाभळीचा बुंधा एका ओळीत धरून ठेवले होते. बुंधा अजून होता. ती त्या ओळीवर उभी राहिली आणि पायाने जागा दाखवली. “हितं.”

पंच म्हणून सोपान आणि त्याचा शेजारी उभे राहिले. शेजाऱ्याच्या हातात नईमचा मोबाइल होता. नईमने कॅमेऱ्याकडे बघून वकीलबाईंनी शिकवलं तसं आपलं नाव, तारीख, जागा सांगितली आणि कुदळ घेतली. सोपानने मासळीचा रिकामा क्रेट उपडा घातला, त्यावर मकसूदचाचा टेकले.

पहिल्या जागी नुसता गाळ निघाला. मग तळाची जुनी काळी माती. तिथे काही नव्हतं.

“एवढी खोल न्हाय पुरली मी,” मेहबूबबी म्हणाली. “वाईच डावीकडं बघ.”

नईमने डावीकडे घेतलं. कुदळ ठेवून तो खुरप्याने माती काढू लागला, जपून. थोड्या वेळाने खुरपं कशाला तरी लागलं. तो ओणवा झाला. “हाय कायतरी.”

मकसूदचाचा क्रेटवरून पुढे वाकले.

पाण्याने कबरीची माती ओढून नेली असावी, इतक्या वरच लहान लहान हाडं होती. पिवळट, एकाशेजारी एक, चिंचोक्यांसारखी. सगळ्यांत कडेला एक जरा मोठं होतं. पायाची बोटं आणि अंगठा.

सोपानने डोक्यावरची टोपी काढली.

मकसूदचाचांना त्या बोटांची चाल आठवली. नव्या गादीवर टाच न टेकता चालणारी. थांबणारी. हितं उसव, म्हणणारी.

“थांब,” ते म्हणाले.

“अब्बा, जागा बरोबर हाय,” नईम घाईने म्हणाला. “अम्मी म्हणती तसं, पायथ्यालाच हाय. आणि एक वीतभर बाजूला काढलं की गावंल.”

“मोबाइल बंद कर म्हणावं.”

“बंद करायचा न्हाय. वकीलबाईंनी सांगितलंय.”

“बंद कर म्हणतो ना!”

या वेळी आवाज चिरकला नाही. शेजाऱ्याने मोबाइल खाली केला. नईम खड्ड्यात गुडघ्यावर तसाच राहिला. त्याचं तोंड गाळाने माखलं होतं आणि डोळे लाल झाले होते.

“म्हंजे सुटला त्यो,” तो म्हणाला. “वर्षभर तुमी पू पुसत बसला, कामावरून आलो की मी त्या चिंध्या जाळीत व्हतो. त्येचं कायच न्हाय? आन् उद्या दुसऱ्या कुणाच्या पोटात असाच उरल्याला तुकडा घालंल, तवा? त्या माणसाला काय सांगायचं? माझ्या आजीची हाडं दिसली म्हणून आमी परत गेलो?”

पोरगा म्हणत होता ते सगळं खरं होतं, हे मकसूदचाचांना कळत होतं, आणि कळून हात पुढे होत नव्हता.

मेहबूबबी पुढे झाली. “तू नग, तुमी नग. मी पुरली, मी काढती. पाप माज्या माथी.” ती खड्ड्याच्या कडेला बसली आणि तिने हात घातला. मकसूदचाचांनी क्रेटवरून उतरून तिचं मनगट धरलं.

“अम्माचे पाय हायेत ते,” ते म्हणाले.

तिने पाहिलं. इतका वेळ तिला नीट दिसलं नसावं. हात आपोआप मागे आला, आणि सासू समोर आल्यावर घेतात तसा तिने डोक्यावरून पदर घेतला.

नईम वर आला. कुदळ फेकून तो पाण्याच्या दिशेने चालत गेला आणि पाठ करून उभा राहिला. तेवढ्यात शेजाऱ्याच्या हातातला मोबाइल वाजला, वकीलबाईंचा फोन होता. त्याने तो मकसूदचाचांकडे दिला.

“काका, कोर्टातून बाहेर पडले आत्ताच. सापडली का?”

मकसूदचाचांनी खड्ड्याकडे बघितलं. ती तिथेच कुठेतरी होती, वीतभर अंतरावर. मास केव्हाच मातीला मिळालं असेल. जाळी मातीला मिळणार नाही. ती तशीच राहील. पाणी चढेल, उतरेल, अम्माची बोटंही कधीतरी माती होतील, आणि त्यांच्या शेजारी तो दुसऱ्याचा उरलेला तुकडा जसाच्या तसा राहील.

“न्हाय, ताई,” ते म्हणाले.

“आणखी खणून बघा ना. अजून दिवस आहे.”

“खणलं.”

“मग काका, आपल्या हातात फारसं काही राहत नाही,” वकीलबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. “आहे त्या कागदांवर मी तक्रार घालते. पण ते काय म्हणतील ते तुम्हाला आत्ताच माहीत आहे.”

“व्हय, ताई.”

मोबाइल परत देऊन ते खड्ड्याच्या कडेला बसू लागले. उकिडवं बसता येत नव्हतं, म्हणून एक गुडघा टेकला, मग दुसरा. पट्टा पोटात रुतला. सोपान फावडं घेऊन पुढे आला, पण त्यांनी त्याला हातानेच नको म्हटलं. दोन्ही तळव्यांनी माती ओढून ते खड्ड्यात लोटत राहिले. मेहबूबबी समोरच्या बाजूने लोटत होती. खड्डा भरला. वरचा भाग त्यांनी थोपटला. मग सवयीने त्यांचा हात मातीवरून फिरला, या कडेपासून त्या कडेपर्यंत, सावकाश.

एका जागी ढेकूळ लागलं. त्यांनी ते बोटांनी फोडलं, चुरलं, पसरलं, आणि पुन्हा एकदा हात फिरवून पाहिला.